लुत्रो: गाडीरस्ता नसलेल्या ग्रीक गावात चार दिवस

क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिबियाच्या समुद्राकडे तोंड करून लुत्रो नावाचं गाव आहे. डोंगर सरळ समुद्रात उतरतो, उतरता उतरता एके ठिकाणी जरा मागे सरतो आणि त्या कोनाड्यात पांढऱ्या भिंतींची, निळ्या दारा-खिडक्यांची घरं ओळीने बसली आहेत. पुढ्यात दगडगोट्यांचा किनारा, पाण्याला लागून टॅव्हर्नांची म्हणजे तिथल्या खानावळींची टेबलं, आणि घरांच्या पाठीला लगेच चढ. या टोकापासून त्या टोकाला जायला पाच-सात मिनिटं पुरतात. इथे गाडीरस्ता नाही. यायचं तर बोटीने, नाहीतर पायवाटेने.

सँटोरिनीचे फोटो पाहून ग्रीसला निघालेल्यांच्या यादीत हे नाव सहसा नसतं. असलंच तर ‘समारियाची घळ उतरल्यावर परतीच्या बोटीतून दिसतं ते छान गाव’ एवढंच. तासभर उतरून फोटो काढणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. शेवटची बोट गेली की गाव एकदम सैल होतं, आणि ते बघायचं तर मुक्काम हवा. तीन रात्री किमान, चार उत्तम.

आता सगळं क्रमाने सांगतो. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा: इथे घड्याळ तुमचं नाही, बोटीचं आहे.

आधी उलटा हिशोब

आपण प्रवास आखतो तो निघण्याच्या दिवसापासून. लुत्रोसाठी तो परतीच्या विमानापासून मागे मागे आखायचा. समजा, अथेन्सहून मुंबईचं विमान रविवारी संध्याकाळी आहे. मग शनिवारची रात्र अथेन्समध्ये हवी, शुक्रवारची क्रीटवरच्याच हानिया शहरात, आणि लुत्रो शुक्रवारी सकाळीच सोडायचं. ‘एवढी ढील कशाला? रविवारी पहाटे निघालो तरी पोचू,’ असं कागदावर वाटतं. पण वारा सुटला की बोट बंद. दुसरी गाडी करून येतो म्हणायला रस्ताच नाही.

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद होतात, तशीच ही गत. फक्त इथे वाऱ्याला ठरलेला हंगाम नाही, भर जूनमध्येही तो सुटतो. बोटी बंद ठेवण्याच्या सरकारी मनाईला ग्रीकमध्ये ‘आपागोरेफ्तिको’ म्हणतात. जीभ वळत नसली तरी शब्द ओळखीचा करून ठेवा. धक्क्यावर तो कानावर पडला की चरफडत न बसता खोलीवाल्याला फोन करायचा. वाऱ्याचा जोर ‘बोफोर’मध्ये मोजतात, आणि संध्याकाळी टॅव्हर्नात म्हातारी मंडळी ‘उद्या किती बोफोर?’ हाच विषय चघळत असतात.

ऋतूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मेचा दुसरा पंधरवडा ते जून, किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, त्यामुळे पोहायचं असेल तर तोच महिना. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरात चालणं म्हणजे शिक्षा, शिवाय १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला अख्खा ग्रीस सुट्टीवर असतो. नोव्हेंबर ते मार्च बहुतेक खोल्या आणि टॅव्हर्ना बंद, बोटीही मोजक्या. तेव्हा जाऊ नका.

व्हिसा आणि खोली

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मोठ्यांना ९० युरो शुल्क, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यातली भेटीची वेळच महिना-महिना मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी हात घाला. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या वेशीवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. तिची रांग लागते. युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल तर मधे तीन तास ठेवा.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो, आणि लुत्रोत घोडं अडतं ते इथेच. तिथल्या बऱ्याच खोल्या घरगुती असतात. खाली टॅव्हर्ना, वर आठ-दहा खोल्या. ईमेल केला की उत्तर येतं, ‘हो, या.’ एवढ्यावर व्हिसा मिळत नाही. तेव्हा ईमेलमध्येच सगळ्यांची पासपोर्टावरची नावं, तारखा, रात्रींची संख्या आणि भाडं लिहून द्या आणि तसंच पक्कं उत्तर मागा. सांगितल्यावर देतात.

खोली ठरवताना दोन प्रश्न विचाराच: जिने किती, आणि बाल्कनी समुद्राकडे की डोंगराकडे? माझ्या सासूबाई तेव्हा अडुसष्टच्या होत्या, गुडघ्यांची कुरकुर होतीच. पाण्यालगतची वाट सपाट आहे, पण मागच्या ओळीत गेलं की पायऱ्याच पायऱ्या. आम्ही समोरची, पहिल्या मजल्यावरची खोली मागून घेतली. दहा युरो जास्त गेले. पण सासूबाई रोज सकाळी बाल्कनीत बसून बोटीची फळी पडताना बघत आणि कोण उतरलं, कोण चढलं याचा वृत्तांत आम्हाला देत. त्या दहा युरोंबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

ग्रीसमध्ये मुक्कामावर दर रात्री, दर खोलीमागे एक कर असतो. तो कित्येकदा भाड्यात धरलेला नसतो, निघताना वेगळा मागतात. तेव्हा दचकू नका.

मुंबई ते हानिया

मुंबईहून अथेन्सला थेट विमान मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर दोहा, दुबई, अबू धाबी किंवा इस्तंबूलमार्गे. अथेन्सहून पुढचं शहर हानिया. इंग्रजी स्पेलिंगवरून ‘चानिया’ म्हणाल तर ग्रीक माणूस गोंधळतो. पहिलं अक्षर ‘ह’, थोडं घशातून. तिथे जायच्या दोन तऱ्हा.

एक, विमान. पाऊण-एक तासात हानिया. या विमानतळाचं नाव ‘इओआनिस दासकालोयानिस’. ते लक्षात ठेवा, हा माणूस आपल्याला लुत्रोच्या डोक्यावर पुन्हा भेटणार आहे.

दुसरी, रात्रीचं जहाज. माझं मत यालाच. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका थेट पिरेअस बंदरात जाते, साधारण तासाभरात, तिकीट ९ युरो. जहाज रात्री सुटतं आणि सकाळी सहाच्या आसपास सूदाला लागतं. सूदा म्हणजे हानियाचं बंदर, शहरापासून सहा-सात किलोमीटर, धक्क्याबाहेर शहराची बस उभीच असते. हॉटेलची एक रात्र वाचते आणि पहाटे डेकवरून बर्फाचे शेवटचे पट्टे मिरवणारे पांढरे डोंगर दिसतात. ‘लेफ्का ओरी’ हे त्यांचं नाव, अर्थही तोच, पांढरे डोंगर. लुत्रो याच डोंगरांच्या पलीकडच्या पायथ्याला आहे. केबिन परवडत नसेल तर खुर्चीचं तिकीट घ्या, पण शाल जवळ ठेवा. आतला एसी आपल्या शिवनेरीच्या एसीला लाजवतो. पिरेअस बंदर अवाढव्य आहे, बरीच फाटकं आहेत. तिकिटावरचा फाटक क्रमांक पाहूनच चालायला लागा.

जमल्यास एक रात्र हानियात काढा. जुनं व्हेनेशियन बंदर, दीपगृह, मागच्या गल्ल्या, सगळं पायी होतं. इथूनच दोन गोष्टी करून निघा: रोकड काढा आणि औषधं घ्या. लुत्रोत कार्ड चालतं, पण एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. चौघांना चार दिवसांसाठी तीन-चारशे युरो रोख असले की मन शांत राहतं.

हानिया ते लुत्रो: डोंगर, मग बोट

हानियाहून ‘क्तेल’ची बस पकडायची. क्तेल म्हणजे तिथली एस.टी. म्हणा, फक्त सरकारी नाही. त्या त्या जिल्ह्यातल्या बसमालकांनी एकत्र येऊन चालवलेली. उतरायचं होरा स्फाकिओन इथे. लोक नुसतं ‘स्फाकिया’ म्हणतात. पाटीवर ग्रीक मोठ्या अक्षरांत नाव असतं, म्हणून आदल्या रात्री त्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. अंतर सत्तरेक किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. दिवसाला बस मोजक्याच आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. आधी बोटीची वेळ पाहा, मग तिच्या तासभर आधी पोचवणारी बस निवडा.

वाट सुरेख आहे. व्रिसेस गावापर्यंत सपाट, मग चढ, मग आस्किफूचं पठार, पुढे इंब्रोस, आणि तिथून रस्ता एकदम कडा उतरायला लागतो. वळणावर वळण, खाली निळाशार समुद्र. गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं, आवळासुपारी हाताशी ठेवावी.

व्रिसेसबद्दल एक ऐकून ठेवा. पहिल्या खेपेला आम्ही भाड्याची गाडी घेऊन निघालो होतो. चिनारांच्या सावलीत ओढ्याकाठी टेबलं दिसली. तिथलं मध घातलेलं दही प्रसिद्ध आहे. सुरीने कापावं लागेल इतकं घट्ट, वर मध आणि अक्रोड. एकेक वाटी झाली, मग दुसरी झाली, मग कॉफी मागवली. होरा स्फाकिओनला पोचलो तेव्हा शेवटची बोट धक्क्यापासून शंभर हात दूर गेली होती. हात हलवले, शिट्ट्या मारल्या. बोटीतल्या लोकांनीही प्रेमाने हात हलवले. ती रात्र धक्क्यावरच्या एका खोलीत काढली, लुत्रोच्या खोलीचे पैसेही भरले. दही उत्तमच आहे, एक वाटी खा.

गाडी घ्यायची असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून न्या. गाडी होरा स्फाकिओनच्या वाहनतळावर सोडायची. चार दिवस ती नुसती उभी राहणार, म्हणून मला तरी बस पटते.

होरा स्फाकिओनच्या धक्क्यावर एक स्मारक आहे. मे १९४१ मध्ये जर्मन छत्रीसैनिकांनी क्रीट घेतलं तेव्हा पराभूत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक पांढरे डोंगर पायी ओलांडून इथे उतरले. २८ मेपासून १ जूनपर्यंत चार रात्री युद्धनौकांनी त्यांतल्या हजारोंना इथून उचललं. जागा न मिळालेले हजारो मागे राहिले. आपण ज्या वळणांवर आवळासुपारी चघळत येतो, त्याच उतारावरून ते आले होते.

बोटीचं तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळतं. खिडकीवर परतीची वेळ लगेच विचारा आणि छापील वेळापत्रकाचाही फोटो घ्या. विचारायचं वाक्य: ‘पोते फेवयी तो कारावी?’ म्हणजे बोट कधी सुटते? लुत्रोला वीसेक मिनिटं लागतात. बोट किनाऱ्याला लागली की पुढची लोखंडी फळी साखळ्यांसकट खणखणत खाली येते, माणसं उतरतात, पाण्याचे क्रेट उतरतात, कोणाची तरी गादी उतरते, आणि चार मिनिटांत फळी वर. म्हणून लुत्रो दिसायला लागलं की सामान घेऊन खाली फळीजवळ येऊन उभं राहायचं. चाकांची भली मोठी बॅग दगडगोट्यांवर चालत नाही. पाठीवरची पिशवी आणा.

पहिला दिवस: काही करू नका

पोचल्यावर आंघोळ, जेवण, झोप. दुपारी तीन ते साडेपाच गावात वामकुक्षी असते आणि तेव्हा आवाज करणं असभ्य समजतात. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

दोन-तीन घरगुती गोष्टी. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी झाकणाची बादली असते, त्यातच टाकायचा, नळ्या अरुंद असतात. आपल्याला पाण्याची सवय, म्हणून एक छोटा मग नेलेला बरा. आपला दोन पिनांचा प्लग तिथल्या बोर्डात बसतो, तीन पिनांचा बसत नाही, तेव्हा अडॅप्टर न्या.

भाषेत एकच धोका आहे: ‘ने’ म्हणजे हो. आणि नकाराचा शब्द ‘ओही’, जो आपल्याला ‘ओके’सारखा ऐकू येतो. ‘खोली आहे का?’ विचारल्यावर बाई हसून ‘ने, ने’ म्हणाल्या आणि माझा भाऊ तोंड पाडून परत आला. ‘कालिमेरा’ म्हणजे सुप्रभात, ‘एफ्हारिस्तो’ म्हणजे आभार. एवढं म्हटलंत तरी चेहरे उजळतात.

पाण्यात आणि पायवाटांवर

गावासमोरचं पाणी शांत असतं. जमिनीची एक जीभ समुद्रात शिरून पश्चिमेचा वारा अडवते. हे बंदर सुरक्षित म्हणून हजारो वर्षं माहीत आहे. शेजारच्या फिनिकासचं नाव बायबलच्या नव्या करारातही येतं. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या संत पॉलचं जहाज हिवाळ्यासाठी ‘फिनिक्स’ बंदर गाठू पाहत होतं. वादळाने ते भरकटलं आणि पोचलंच नाही. आपागोरेफ्तिको तेव्हा नव्हता, एवढाच फरक.

किनाऱ्यावर वाळू नाही, दगडगोटे आहेत. रबरी तळव्याचे पाण्यातले जोडे घ्या. खडकांना काळे काटेरी समुद्री गोळे चिकटलेले असतात, त्यांच्यावर पाय पडला तर काटा काढताना तारे दिसतात. पाणी लवकर खोल होतं. मुलांना एकटं सोडू नका.

चालायच्या वाटा तीन, सोप्यापासून अवघडापर्यंत.

पहिली, पूर्वेला ग्लिका नेरा. अर्थ ‘गोडं पाणी’. लुत्रोहून तासाभराची पायवाट, काही ठिकाणी कड्याच्या पोटातून. काळ्या-पिवळ्या खुणा दिसतात, त्या ‘ई-४’ या युरोपभर जाणाऱ्या लांब पायवाटेच्या. वाट धरून चालता येत असेल तर अवघड नाही, पण उंचीची भीती वाटणाऱ्यांनी मोसमातली छोटी बोट पकडावी. किनाऱ्यावर पोचल्यावर एक गंमत करा. लाटेपासून आठ-दहा पावलं मागे, कड्याच्या पायथ्याशी बसा आणि हाताने गोटे बाजूला सारा. वीतभर खणलं की गोट्यांचा खालचा थर ओला लागतो, मग खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपायला लागतं. आधी गढूळ, दोन मिनिटांत स्वच्छ. ओंजळीत घ्या: थंडगार, आणि गोडं. दहा पावलांवर खारा समुद्र. कोरड्या पडलेल्या नदीत झिरा खणलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना नवल वाटणार नाही, पण समुद्राच्या काठाशी झिरा मीही पहिल्यांदाच पाहिला. पांढऱ्या डोंगरांवरचं बर्फ आणि पाऊस चुनखडीतून मुरत मुरत इथे बाहेर पडतो. भर उन्हाळ्यात त्या पाण्यात बाटली पुरून ठेवली की फ्रिज नको. कड्यावरून दगड सुटतात, म्हणून अगदी भिंतीला टेकून झोपू नका.

दुसरी, पश्चिमेला मार्मारा. फिनिकास आणि लिकोस ओलांडून दीड तास धरा. मार्मारा म्हणजे संगमरवर, आणि खडक खरोखरच पांढरे-करडे, लाटांनी पोखरून केलेल्या गुहा. वर टॅव्हर्ना आहे. आरादेना नावाची घळ इथे समुद्राला मिळते. पायांत ताकद असेल तर घळीतून वर आरादेना गावापर्यंत जाता येतं. ते गाव दोन घराण्यांच्या सूडचक्रात ओस पडलं. आता पडकी घरं आहेत आणि घळीवर १९८६ साली बांधलेला लोखंडी पूल. गाडी गेली की पुलाच्या फळ्या अशा वाजतात की खाली घळीत गडगडाट ऐकू येतो.

तिसरी, आनोपोली. गावामागच्या डोंगरावर नागमोडी पायवाट, जवळजवळ ६०० मीटर चढ, दीड-दोन तास. सकाळी सातला निघायचं म्हणजे सातलाच. नऊनंतर त्या उतारावर सावलीचं नाव नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बूट. माथ्यावर छोटं देऊळवजा चर्च, तिथून लुत्रो ताटलीएवढं दिसतं. पलीकडे पठारावर आनोपोली. चौकात पुतळा आहे तो विमानतळावर नाव वाचलं त्याच दासकालोयानिसचा. ‘दासकालोस’ म्हणजे मास्तर, म्हणून आपल्या भाषेत ‘यानी मास्तर’. शिकलेला माणूस, जहाजांचा मालक. १७७० साली त्याने तुर्कांविरुद्ध उठाव केला, रशियाची मदत येईल या भरवशावर. ती आली नाही. १७७१ मध्ये हेराक्लिओनला त्याची जिवंतपणी कातडी सोलून हत्या झाली. पुतळ्याखाली बसून कॉफी पिताना आमच्यात जरा शांतता पसरली. चौघांच्याही मनात वढू-तुळापूर आलं असणार, कोणी बोललं नाही.

समारियाची प्रसिद्ध घळ १६ किलोमीटरची, वरून खाली उतरायची, आणि १ मेपासून ऑक्टोबरपर्यंत उघडी. लुत्रोहून तिचं वरचं तोंड गाठणं कटकटीचं आहे. त्याऐवजी सकाळच्या बोटीने घळीच्या खालच्या तोंडाशी असलेल्या आगिया रूमेली गावाला जा आणि खालून वर चाला. दीड-दोन तासांत ‘लोखंडी दारं’ येतात, जिथे दोन्ही कडे तीन-चार मीटरांवर येऊन ठेपतात. तिथूनच मागे फिरा, दुपारची बोट पकडा. सगळी घळ उतरल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो.

जेवण, शाकाहारी आणि मासेखाऊ दोघांसाठी

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांत उपवास बरेच, आणि उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द वेटरला बरोबर कळतो. पण दोन फेर आहेत. आपल्याकडे उपवासाला दूध-तूप चालतं, तिथे नेमकं तेच वर्ज्य. आणि ज्यात रक्त नाही असं मानतात ते ऑक्टोपस, कालामारी, कोळंबी त्यांना उपवासाला चालतं! म्हणून सोबत जोडायचं: ‘हॉरिस क्रेआस, हॉरिस प्सारी, हॉरिस थालासिना’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काही नको.

मागवायचं काय? ‘होर्ता’: उकडलेली रानभाजी, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ‘दाकोस’: जवाच्या कडक टोस्टावर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा नावाचं मऊ चीज. ‘बुरेकी’: दुधीसारख्या कोवळ्या झुकिनीचे आणि बटाट्याचे थर, हानियाची खासियत. ‘येमिस्ता’ म्हणजे भरलेली ढोबळी मिरची-टोमॅटो, पण आत खिमा नाही ना ते विचारा. ‘माराथोपिता’ पाहून कॉलर ताठ करू नका, मराठ्यांचा संबंध नाही. माराथो म्हणजे बडीशेपेचा पाला, तो भरलेली ही पोळी.

आणि स्फाकियाची पोळी, ‘स्फाकियानी पिता’. टॅव्हर्नाच्या स्वयंपाकघरात आजी ती करताना सासूबाईंनी पाहिली आणि त्या दारातच थबकल्या. कणकेचा गोळा, वाटीसारखा आकार, आत मिझिथ्राचा लिंबाएवढा गोळा, तोंड बंद करून उंडा, हलक्या हाताने लाटणं, तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजणं. वर तुपाऐवजी मध. ‘पुरणाचीच की गं ही,’ म्हणाल्या. आजींना मराठी कळलं नाही, पण लाटणं पुढे केलं.

मासेखाऊंसाठी नियम असा: ताज्या मोठ्या माशाचा भाव किलोवर असतो. मासा निवडा, वजन समोर करायला सांगा, किंमत ऐका, मग हो म्हणा. न विचारता मागवलेला एक मासा चाळीस युरोंना पडू शकतो. गोठवलेल्या पदार्थापुढे मेनूत चांदणी किंवा ‘कात.’ अशी खूण असते. स्वस्त आणि मस्त हवं असेल तर ‘गाव्रोस’ म्हणजे मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे, कुरकुरीत तळलेले, काट्यासकट. जेवणानंतर फळांच्या फोडी आणि ‘त्सिकुदिया’ची बाटली बहुधा न मागता, फुकट येते. ही द्राक्षाच्या चोथ्याची दारू, जहाल. नको असेल तर पेला हातात धरून ‘यामास’ म्हणा आणि ओठाला लावून ठेवा. ब्रेडचे माणशी थोडे पैसे बिलात येतात, ती फसवणूक नाही. पावती मात्र घ्याच. कायद्याप्रमाणे पावती नाही तर पैसे देण्याचं बंधन नाही, आणि तशी पाटीही लावलेली असते.

निघताना

हिशोब आदल्या रात्री चुकता करा, सकाळी सगळे नाश्त्याच्या गडबडीत असतात. गंभीर दुखणं असेल तर मोठं रुग्णालय हानियालाच आहे, म्हणून छातीत दुखणं, खोल जखम असलं काही अंगावर काढू नका. आणीबाणीचा क्रमांक ११२.

बोट शक्यतो सकाळची घ्या. संध्याकाळच्या बोटीत समारिया उतरून दमलेली शेकडो माणसं आधीच बसलेली असतात, आणि होरा स्फाकिओनला ती सगळी एकदम बसकडे धावतात. सकाळी वरच्या डेकवर डावीकडे बसा, किनारा त्या बाजूला राहतो. ग्लिका नेरा जवळून दिसतं. धक्क्यावर उतरल्यावर आधी हानियाची बस कुठे उभी आहे ते पाहा, बॅग तिच्या पोटात टाका, सीटवर टोपी ठेवा, आणि मगच स्फाकियानी पिता खायला जा.